पडलेला आयटी शेअर घ्यावा का? नवख्यांसाठी, झेरॉक्सच्या दुकानातून

बेळगावच्या टिळकवाडीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पॅन, आधार, पासबुक यांच्या प्रती काढायला येणारी निम्मी माणसं हल्ली डीमॅट खात्यासाठी, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यासाठी, येतात, आणि प्रती हातात पडेपर्यंत एकच प्रश्न विचारतात: "अमुक आयटी शेअर एवढा खाली आलाय, घ्यायचा काय?" निवृत्त मास्तर विचारतात, उद्यमबागेत लेथवर काम करणारी पोरं विचारतात, खानापूरकडून ऊसबिलाचे पैसे घेऊन आलेला शेतकरीही विचारतो. कारण उघड आहे. आपल्याकडे गल्लीत एकतरी पोरगं बेंगळुरूला नाहीतर पुण्याला आयटीत असतंच. त्यामुळे ती कंपनी घरचीच वाटते, आणि घरची वस्तू स्वस्तात मिळतेय म्हटलं की हात खिशाकडे जातो.

माझाही गेला होता, आणि चांगला भाजला. ती हकीकत सातव्या पायरीत आहे. मी सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदलेला सल्लागार नाही, त्यामुळे कुठला शेअर घ्या हे सांगणार नाही. घ्यायचा की नाही हे ठरवताना मी कुठल्या क्रमानं जातो, तेवढंच लिहितो.

आधी हाताशी काय हवं

- पॅन कार्ड, आधारशी जोडलेलं
- आधारला जोडलेला आणि चालू असलेला मोबाईल नंबर (ओटीपी त्यावरच येतो)
- रद्द केलेला चेक किंवा नाव आणि आयएफएससी दिसणारं पासबुकाचं पान
- कोऱ्या कागदावरची सही
- नॉमिनीचं नाव आणि त्याचा ओळखपुरावा
- दोनशे पानी एक वही. हे ब्रोकर मागत नाही, मी मागतो

उत्पन्नाचा पुरावा फक्त फ्युचर्स-ऑप्शन्ससाठी, म्हणजे वायद्याच्या व्यवहारांसाठी, लागतो. "तोपण देऊन टाका, पुढे उपयोगी पडेल," असं फोनवरचा माणूस म्हणाला तर देऊ नका. नवख्या माणसाला त्या दारातून आत जायचं कारण नाही.

१. नावं जुळवून घ्या, मग अर्ज भरा

आपल्या भागातले सगळ्यात जास्त अर्ज इथंच अडकतात. पॅनवर आडनाव आधी, बँकेत फक्त आद्याक्षरं, आधारवर कन्नडवरून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग. एकाच माणसाची तीन नावं माझ्या काचेवर रोज शेजारी शेजारी पडतात. 'पाटील मारुती यल्लाप्पा', 'एम. वाय. पाटील' आणि 'मारुती पाटील' ही संगणकाच्या लेखी तीन वेगळी माणसं. आधी पॅन आणि आधार सारखं करा, मग बँकेत अर्ज देऊन तिथलं नाव बदलून घ्या. उलट क्रमानं गेलात तर दोनदा हेलपाटे.

पत्त्यात एकीकडे बेळगाव आणि दुसरीकडे बेळगावी असलं म्हणून घाबरू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर नाव बदललं, जुने कागद जुन्याच नावानं राहिले. पिनकोड बरोबर असेल तर सहसा अडत नाही. (नाव कुठलं बरोबर, हा वाद इथं नको. त्याला दुकानातली खुर्ची पुरणार नाही.)

आणि सही. आपल्याकडे पन्नाशीच्या पुढचे बरेच जण मराठीत सही करतात. पॅनवर मराठीत असेल तर इथंही मराठीतच करा. "शेअरचं काम आहे, इंग्रजीत केलेली बरी," म्हणून नवी सही करणाऱ्या दोन मास्तरांचे अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

एकाच पॅनवर एकच डीमॅट खातं असेल आणि त्यातल्या शेअरची किंमत ४ लाखांच्या आत असेल, तर 'बेसिक सर्व्हिसेस' प्रकारच्या खात्याला वर्षाचं शुल्क लागत नाही. ब्रोकर आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका, विचारा.

२. शेअर का पडलाय, ते वहीत एका वाक्यात लिहा

खरं काम इथून सुरू होतं. वाक्य लिहिता येत नसेल तर शेअर घ्यायचा नाही, हा माझा नियम.

पडण्याचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. पहिला प्रकार म्हणजे सगळा बाजारच पडतो. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी पडला. त्या दिवशी चांगलं-वाईट सगळंच पडलं. कंपनीनं काही केलेलं नव्हतं.

दुसरा, कंपनीचा एखादा निकाल वाईट येतो. १२ एप्रिल २०१३ ला इन्फोसिसनं पुढच्या वर्षाचा अंदाज अपेक्षेपेक्षा कमी सांगितला आणि शेअर एका दिवसात २१ टक्क्यांच्या आसपास पडला. धंदा मात्र जागेवर होता. गिऱ्हाईक होतं, पैसा येत होता, कर्ज नव्हतं. पुढच्या काळात शेअर सावरला.

तिसरा, हिशेबच खोटा असतो. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख रकमेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी ४० च्या खाली बंद झाला. ६० रुपयांना 'स्वस्तात मिळाला' म्हणून घेणारी माणसंही त्या दिवशी होतीच. ते संध्याकाळपर्यंतच तोट्यात गेले.

चौथा प्रकार ओळखायला सगळ्यात अवघड. धंदाच मावळत असतो, पण सावकाश. नफा अजून दिसतो, लाभांशही येतो, आणि म्हणूनच माणूस फसतो.

हा चौथा प्रकार मी घरात बघितलाय. आमचे वडील वडगावचे, घरात चार यंत्रमाग. सुरतेच्या साड्या बाजारात भरू लागल्या तसं शेजारच्या एकानं आपले दोन माग विकायला काढले, निम्म्या किमतीत. वडिलांनी घेतले. माग उत्तम होते, तेलपाणी व्यवस्थित, धोट्याला सुद्धा ओरखडा नव्हता. पहिल्या वर्षी त्यांनी पैसेही मिळवून दिले. पुढे सूत घालायचं आणि तयार साडी व्यापाऱ्याकडे पडून राहायची, असं सुरू झालं. शेवटी सहाही माग भंगारवाल्यानं वजनावर नेले. तो काट्यावर लोखंड ठेवत होता आणि वडील दारात उभं राहून म्हणत होते, "माग काय वाईट न्हवते रे." खरंच नव्हते. पण ते मागाची किंमत बघत राहिले, साडीच्या गिऱ्हाइकाकडे कुणी बघितलंच नाही.

आता आयटीचं बघा. टीसीएसचा शेअर २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ४,५०० रुपयांच्या घरात होता, २०२५ च्या सप्टेंबरअखेर २,९०० च्या आसपास आला. कारणं एकाहून जास्त. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी खर्च आखडता घेतला. जुलै २०२५ मध्ये कंपनीनं सुमारे १२,००० माणसं, म्हणजे दोन टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं तिथं नोकरीला जायच्या नव्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. आणि या सगळ्यावर सावली कृत्रिम बुद्धिमत्तेची: जे काम दहा पोरं करत होती ते तीन पोरं करतील, तर गिऱ्हाईक दहा जणांचे पैसे का देईल?

यातलं पहिलं कारण बटाट्याच्या भावासारखं आहे. मार्केट यार्डात बटाट्याचा भाव पडतो आणि पुन्हा चढतोही. शेवटचं कारण मागासारखं असू शकतं. तुमचं वाक्य यातल्या कुठल्या बाजूला झुकतंय, ते वहीत लिहा. तारीख घाला.

३. कुठले कागद वाचायचे

बातम्या आणि यूट्यूब नंतर. आधी कंपनीनं स्वतः दिलेले कागद. ते बीएसई आणि एनएसई या दोन शेअर बाजारांच्या (एक्स्चेंजच्या) संकेतस्थळावर फुकट मिळतात: तिमाही निकाल, वार्षिक अहवाल, भागधारणेचा तक्ता, आणि निकालानंतर विश्लेषकांशी झालेल्या बोलण्याचा वृत्तांत. इंग्रजीत असतात, पण आकडे वाचायला इंग्रजी फारसं लागत नाही. मोठ्या आयटी कंपन्यांचे निकाल साधारण जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतात.

सगळं वाचत बसलात तर दुकान बंद करावं लागेल. मी एवढंच बघतो.

महसूल वाढतोय का, आणि 'स्थिर चलनात' वाढतोय का. आयटी कंपन्या डॉलरात कमावतात. रुपया घसरला की रुपयांतला महसूल काही न करता फुगतो. म्हणून कंपन्या चलनाचा परिणाम काढून वेगळा आकडा देतात. तो आकडा शून्याच्या आसपास आणि रुपयांतला मात्र सहा टक्के, असं दिसलं तर ती वाढ रुपयानं केलीय, कंपनीनं नाही.

नफ्याचं प्रमाण किती. शंभर रुपयांच्या धंद्यात हातात किती उरतात, आणि ते तीन-चार वर्षांत कमी होतंय का.

नवी कंत्राटं किती आली. कंपन्या हा आकडा मोठ्यानं सांगतात, पण एका मोठ्या कंत्राटाचं काम सात-सात वर्षं चालतं. शंभर कोटींचं कंत्राट म्हणजे यंदा शंभर कोटी नव्हेत.

पहिल्या पाच गिऱ्हाइकांवर किती धंदा उभा आहे. लहान कंपन्यांत एकच गिऱ्हाईक तिसरा हिस्सा देतं. ते गेलं की संपलं.

आणि पैसा खरंच येतो का. हे मला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीवाल्यानं शिकवलं, तो आमच्या रविवारच्या चहाचा माणूस. त्याला मी एकदा एका छोट्या कंपनीचा निकाल उत्साहानं दाखवला, नफा चाळीस टक्के वाढला होता. त्यानं कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "उधारी किती हाय?" मी म्हटलं, नफा बघ की. तो म्हणाला, "नफा कागदावर लिवता येतोय. माझ्या बी कागदावर हाय. कास्टिंग गेलं, बिल गेलं, नफा झाला. पैसा कवा येणार ते पार्टीला म्हायती." मग आम्ही रोख प्रवाहाचा तक्ता उघडला. नफा ४० कोटी, धंद्यातून आलेली रोख ६ कोटी. उरलेलं सगळं गिऱ्हाइकांकडे अडकलेलं. तेव्हापासून मी नफ्याच्या आधी रोख बघतो. तीन वर्षांचा नफा आणि तीन वर्षांची धंद्यातून आलेली रोख शेजारी लिहा. रोख सतत मागं पडत असेल तर पान उलटा आणि दुसरी कंपनी बघा.

शेवटी भागधारणेचा तक्ता. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या मालकांनी, आपले शेअर गहाण टाकलेत का, आणि त्यांचा हिस्सा दर तिमाहीला कमी होतोय का. दोन मिनिटांचं काम.

४. 'स्वस्त' हा शब्द तपासा

पोरं मोबाईल पुढं करून म्हणतात, "बघा की काका, पी-ई बारावर आलाय." पी-ई म्हणजे शेअरचा भाव भागिले कंपनीची एका शेअरमागची वर्षाची कमाई. यात खाचखळगा असा की भाव आजचा असतो आणि कमाई मागच्या वर्षाची.

समजा भाव १,००० होता आणि कमाई ५०. पी-ई २०. भाव ६०० वर आला, पी-ई १२ दिसतो. वा, स्वस्त! पण पुढच्या वर्षी कमाई ५० वरून ३० वर आली तर? ६०० भागिले ३०, पुन्हा २०. चाळीस टक्के पडूनही शेअर होता तेवढाच महाग. बाजार पुढचं वर्ष बघून भाव लावतो, तुमचा मोबाईल मागचं वर्ष बघून पी-ई दाखवतो. मावळत्या धंद्यात पी-ई नेहमीच कमी दिसतो.

'५२ आठवड्यांचा नीचांक' हा दुसरा भुलवणारा शब्द. नीचांक म्हणजे तळ नव्हे. १,००० चा शेअर ८० टक्के पडून २०० वर आला, तुम्ही घेतला, आणि तो १०० वर गेला. जगाच्या लेखी तो ८० चा ९० टक्के पडला. तुमचे मात्र निम्मे पैसे गेले. आणि निम्मे गेलेले परत यायला शेअर दुप्पट व्हावा लागतो.

५. वाद घाला, पण दोन्ही बाजूंनी

गोवावेस चौकाजवळ रविवारी सकाळी आमची चौघांची बैठक असते. फौंड्रीवाला, बँकेतून निवृत्त झालेले आप्पा, माझे दाजी आणि मी. दाजींचा मुलगा बेंगळुरूत आयटीत आहे, त्यामुळे दाजी कायम घ्या म्हणणाऱ्यांत. आप्पा कायम नको म्हणणाऱ्यांत, त्यांनी २००० सालचा इंटरनेट शेअरचा फुगा बँकेच्या काउंटरवर बसून बघितलाय.

दाजी म्हणतात, या कंपन्यांनी दर दहा वर्षांनी आपला मर्तिकाचा सांगावा ऐकलाय. २००१ ला ऐकला, २००८ ला ऐकला, क्लाउड आलं तेव्हा ऐकला, आणि दर वेळी पोरांना नवीन शिकवून उभ्या राहिल्या. कर्ज नाही, रोख भरपूर. सप्टेंबर २०२५ मध्ये इन्फोसिसनं १८,००० कोटींचे स्वतःचेच शेअर १,८०० रुपयांनी परत घ्यायचं जाहीर केलं, ते काय खुळे म्हणून?

आप्पांचं उत्तर ठरलेलं: सिस्को. इंटरनेटची यंत्रं बनवणारी ही अमेरिकन कंपनी मार्च २००० मध्ये ८० डॉलरला होती. फुगा फुटल्यावर दहाच्या खाली गेली. कंपनी बुडाली नाही, उलट धंदा वाढत गेला. तरी शेअरला पुन्हा ८० वर यायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. "पंचवीस वर्सं," आप्पा चहाचा कप बशीत ठेवत म्हणतात, "तेवढ्यात माझी पेन्शन सुरू झाली आणि गुडघ्याचं ऑपरेशन बी झालं." चांगली कंपनी चुकीच्या भावाला घेतली तर काय होतं, त्याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मग दाजी इंटेल काढतात, संगणकाच्या चिप बनवणारी अमेरिकन कंपनी. २ ऑगस्ट २०२४ ला, लाभांश बंद आणि १५,००० नोकऱ्या कमी असं जाहीर झाल्यावर, इंटेल एका दिवसात २६ टक्के पडला. नोव्हेंबरात डाऊ जोन्स निर्देशांकातून त्याला काढून तिथं एनव्हिडियाला बसवलं. सगळ्यांनी हात झटकले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनंच जवळपास १० टक्के हिस्सा घेतला, आणि त्या वर्षाच्या एप्रिलमधल्या तळापासून शेअर वर्षअखेरीपर्यंत दुपटीच्या आसपास गेला. पण सरकार येऊन हात देईल हे एप्रिलमध्ये कुणाच्या वहीत होतं? दाजींच्याही नव्हतं.

आपल्याकडचीही दोन उदाहरणं आहेत. झोमॅटो २०२१ मध्ये ७६ रुपयांना विक्रीला आला, जुलै २०२२ मध्ये ४० च्या आसपास पडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ३०० पर्यंत गेला. पेटीएम २,१५० ला विकला गेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी २७ टक्के पडला, आणि मे २०२४ मध्ये ३१० पर्यंत खाली आला. तिथून पुढं तो १,००० च्या वर गेला खरा, पण पहिल्या दिवशी घेतलेल्याला त्याचा काय उपयोग? दोघेही 'पडलेले टेक शेअर'च होते.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की तुमच्या वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'घ्यावा', उजवीकडे 'नको'. दोन्हीकडे किमान चार मुद्दे हवेत. उजवी बाजू रिकामी राहत असेल तर तुम्ही विचार केलेला नाही, तुमचं आधीच ठरलंय. आम्ही तर बाजू बदलून भांडतो. दाजींना 'नको'ची बाजू दिली की त्यांचा चहा गार होतो, पण मुद्दे चांगले निघतात.

६. किती पैसे घालायचे

पिग्मीचे, सोसायटीतल्या ठेवीचे, भिशी उचललेले, सोनं ठेवून काढलेले: यातले कुठलेच नाहीत. पाच वर्षं न लागणारे पैसे, आणि त्यातलाही एका शेअरमध्ये दहावा हिस्सा, ही माझी मर्यादा. तुमची वेगळी असू शकते, पण शेअर घेण्याआधी लिहिलेली हवी.

एकदम घेऊ नका. मी तीन हप्ते करतो आणि दोन हप्त्यांच्या मध्ये एकतरी तिमाही निकाल येऊ देतो. लक्षात घ्या, दुसरा हप्ता भाव पडला म्हणून जात नाही. वहीतलं कारण निकालात खरं ठरताना दिसलं तर जातो, मग भाव वर असला तरी चालेल. भाव पडला की आणखी घ्यायचा, सरासरी खाली आणायची, ही सवय चांगल्या कंपनीत चालून जाते आणि मावळत्या कंपनीत घर खाते. आमच्या वडिलांनीही पुढचे माग सरासरी खाली आणायलाच घेतले होते, फक्त त्यांना तो शब्द माहीत नव्हता.

७. ऑर्डर टाकताना

बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३०. ऑर्डरच्या पडद्यावर 'डिलिव्हरी' (शेअर खात्यात ठेवायला) निवडा, 'इंट्राडे' (त्याच दिवशी घेऊन विकायला) नको. 'मार्केट' ऐवजी 'लिमिट' निवडा आणि भाव स्वतः लिहा. घेतलेला शेअर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात जमा होतो. घेताना आणि विकताना दोन्हीकडे ०.१ टक्का व्यवहार कर, घेताना ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क, वर दलाली असेल तर तिच्यावर जीएसटी. विकताना डिपॉझिटरीचं (शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचं) थोडं शुल्क कापतात, त्यामुळे दोन-दोन शेअर विकत बसू नका.

आता माझी हकीकत. 'सॉफ्टवेअर' असं नावात असलेली एक छोटी कंपनी, १४० वरून ६२ वर आलेली. मी ६२ ला घेतला, ५० ला आणखी घेतला. मग एके सकाळी तो उघडताच पाच टक्के खाली गेला आणि तिथंच थांबला. लोअर सर्किट. म्हणजे दिवसाची खालची मर्यादा गाठली, विकणाऱ्यांची रांग लाखांत आणि घेणारा शून्य. मी रोज ९ वाजता दुकानाचं शटर अर्धं उघडून आत उभा राहायचो आणि मोबाईलवर विक्रीची ऑर्डर टाकायचो. घेणाऱ्यांच्या रकान्यात रोज शून्य. अकरा दिवस. बाराव्या दिवशी २७ च्या आसपास सुटका झाली. तोपर्यंत भाव पडण्याची भीती मला ठाऊक होती. विकायला दारच नसतं, हे ठाऊक नव्हतं.

म्हणून लहान शेअर घेण्याआधी दोन गोष्टी बघा. रोज किती शेअरची उलाढाल होते, आणि एक्स्चेंजनं त्याला जादा देखरेखीच्या यादीत, म्हणजे एएसएम किंवा जीएसएममध्ये, टाकलंय का. यादीत असेल तर नवख्यानं लांब राहावं.

८. बाहेर कधी पडायचं, आणि कर

घेतानाच वहीत लिहा: "अमुक झालं तर विकणार." भाव नव्हे, घटना. सलग दोन तिमाही स्थिर चलनातला महसूल घटला, मोठं गिऱ्हाईक गेलं, लेखापरीक्षकानं मधेच राजीनामा दिला. शेवटचं झालं तर मी कारण वाचायलाही थांबत नाही.

बारा महिन्यांच्या आत विकून नफा झाला तर २० टक्के कर. त्यानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, वरच्यावर १२.५ टक्के. तोटा झाला असेल तर तो पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, पण त्यासाठी त्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. "तोटाच झालाय, भरायचं काय?" असं म्हणून मी एक वर्ष भरलं नाही. अकरा दिवसांचा तो तोटा माझ्या कुठल्याच नफ्यातून वजा झाला नाही.

९. सापळे

व्हॉट्सॲप नाहीतर टेलिग्रामवरच्या ग्रुपात कुणीतरी ओळख नसताना घालतं. आत पाच-पन्नास जण नफ्याचे फोटो टाकत असतात. मग एक ॲप उतरवायला सांगतात, त्यात तुमचे पैसे वाढतानाही दिसतात, फक्त काढता येत नाहीत. पैसे कुणा माणसाच्या किंवा भलत्याच फर्मच्या खात्यावर पाठवायला सांगितले की समजा. नोंदणीकृत ब्रोकरसाठी आता यूपीआय पत्त्यात 'व्हॅलिड' हा शब्द असलेली वेगळी सोय आहे, आणि 'सेबी चेक'वर खातं खरं की खोटं ते तपासता येतं. सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. त्यानं पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका, तसले फोटो माझ्या दुकानात पाच रुपयांत रंगीत छापून मिळतात.

ओटीपी आणि विक्रीचा टी-पिन कुणालाही नाही. भावकीतल्या पोरालाही नाही.

ब्रोकरशी तंटा झाला तर आधी त्याच्याकडे लेखी तक्रार, तिथं दाद लागली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रारीच्या संकेतस्थळावर. पैसेच लुबाडले असतील तर क्षणाचाही वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन.

वहीत सध्या एका मोठ्या आयटी कंपनीचं पान उघडं आहे. डावीकडे पाच मुद्दे, उजवीकडे सहा. त्यातला सहावा दाजींनीच काढला, मुलगा दोन महिने बेंचवर, म्हणजे कामाशिवाय, बसून आहे म्हणून. पहिला हप्ता मी अजून घातलेला नाही, पुढचा निकाल येऊ दे म्हटलंय.